हिवाळ्यातील प्रवास आणि गाडीतील दोन पिशव्या



कार्तिकी पौर्णिमा झाली की आपल्या घरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. चातुर्मासात लांबणीवर पडलेल्या तीर्थयात्रा निघतात. कोणी मुक्तागिरीला जाते, कोणी शिरपूरला, कोणी कारंजा-भातकुलीला. पाठोपाठ लग्नसराई येते. कापूस आणि तुरीचा हंगाम असल्यामुळे व्यापारी मंडळींच्या अकोट, खामगाव, मूर्तिजापूर अशा फेऱ्याही वाढतात. दुकान दिवसा सोडवत नाही, म्हणून यांतील बहुतेक प्रवास पहाटे तरी होतो किंवा दुकान वाढवल्यावर रात्री तरी. आणि नेमक्या याच दोन वेळा हिवाळ्यात सर्वांत जोखमीच्या असतात.

दोन वर्षांपूर्वी कॅनडात राहणाऱ्या माझ्या भाच्याने कुटुंबाच्या गटावर एक यादी पाठवली होती. तिकडे हिवाळ्यात प्रत्येक गाडीत काय काय ठेवतात, त्याची ती यादी होती. बर्फ उपसण्याचे फावडे, चाकाखाली टाकायला वाळू, मेणबत्त्या, जाड घोंगड्या, सुका खाऊ. शेवटी ठळक अक्षरांत एक सूचना होती : गाडी बर्फात अडकली, तर गाडी सोडून जाऊ नये. आम्ही सर्वजण हसलो. अमरावती-अकोल्यात फावडे कशाला हवे, असे माझे दीरही म्हणाले. यादी तिथेच राहिली.

त्याच जानेवारीत अकोल्याला एका लग्नासाठी आम्ही पहाटे पाचला अमरावतीहून निघालो. मूर्तिजापूर मागे टाकले आणि थोड्याच वेळात मागचे चाक बसले. यजमानांनी गाडी साइडपट्टीवर घेतली. बाहेर धुके इतके दाट होते की दहा-पंधरा पावलांपलीकडचे काही दिसत नव्हते. डिकी उघडली, तर वर आहेराच्या साड्या, मिठाईचे डबे, फुलांच्या टोपल्या. आणि स्टेपनी, जॅक, पाना, धोक्याचा लाल त्रिकोण हे सारे त्यांच्याखाली. यजमान गाडीच्या मागे उभे राहून मोबाइलच्या उजेडात एकेक डबा बाहेर काढू लागले. मी आणि सासूबाई थंडीमुळे काचा लावून आतच बसलो होतो. इतक्यात एक ट्रक आमच्या इतक्या जवळून गेला की सगळी गाडी हलली. यजमान आणि तो ट्रक यांच्यात फार तर दोन हातांचे अंतर राहिले असेल.

पुढे थोड्या अंतरावर एक मालगाडी उभी होती. तिचा चालक धावत आला. तो आधी यजमानांवर रागावलाच. ‘‘शेठजी, गाडीच्या मांगं काहून उभे राहता? टायर मांगून पाहू. आजीले उतरवा अन् तिकडं शेताकडं व्हा पह्यले.’’ त्याने आम्हा तिघांना रस्त्यापासून दूर, बांधाजवळ उभे केले. मग बाभळीची एक मोठी फांदी ओढत नेऊन बरीच मागे, येणाऱ्या गाड्यांना दिसेल अशी टाकली आणि स्वतःची बॅटरी हलवत उभा राहिला. धुके विरळ होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तासभर, आम्ही तिथे थांबलो. सासूबाईंच्या अंगावर रेशमी साडी आणि एक पातळ शाल होती. त्या थंडीने कापत होत्या. चाक बदलून झाल्यावर त्या सद्गृहस्थाने ती फांदी आठवणीने उचलून बाजूला टाकली. पैसे मात्र घेतले नाहीत.

त्या दिवसापासून भाच्याची यादी मी पुन्हा वाचली. यादी चुकीची नव्हती. ती त्याच्या मुलखाची होती. तिथे माणूस थंडीने दगावतो, म्हणून गाडीत बसून राहायचे. आपल्या वऱ्हाडात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो. त्या थंडीने सुदृढ माणूस दगावत नाही. आपला घात करते ती मागून येणारी गाडी. म्हणून आपल्या महामार्गावर नियम उलटा आहे : गाडी बंद पडली, तर गाडीतून बाहेर पडून रस्त्यापासून दूर व्हावे. आपल्या पिशवीत काय असावे, हे या एका गोष्टीवरून ठरते.

प्रथम रस्त्यांचा विचार करू. अमरावती-अकोला महामार्ग आज उत्तम झाला आहे. जून २०२२ मध्ये या मार्गावर ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची नोंद गिनीज विश्वविक्रमांत झाली. रस्ता गुळगुळीत झाला तसा वेगही वाढला. पण त्याच रस्त्यावर हिवाळ्यात कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या, संत्र्यांचे ट्रक असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे लाल दिवाच नसतो. त्यात पहाटेचे धुके, ज्याला आपल्याकडचे शेतकरी धुवारी म्हणतात. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. समोरचे ४० मीटरच दिसत असेल, तर विचार करायला दोन सेकंदही मिळत नाहीत. अशा वेळी प्रखर दिवा लावू नये. धुक्यातील पाण्याच्या कणांवरून तो उजेड आपल्याच डोळ्यांवर परततो. दिवा खाली ठेवावा आणि वेग जेवढे दिसते तेवढ्यापुरताच ठेवावा. धुके फारच दाट असेल, तर पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या आवारात शिरून थांबावे. साइडपट्टीवर थांबू नये.

दुसरा रस्ता समृद्धी महामार्गाचा. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्याचा पहिला टप्पा, नागपूर ते शिर्डी, ११ डिसेंबर २०२२ पासून सुरू होता. कारंजा, मालेगाव, मेहकर अशा आपल्या भागांतून तो जातो. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दोन्ही बाजूंना कुंपण असल्यामुळे गाव जवळ दिसले तरी तिथवर जाता येत नाही. बाहेर पडण्याच्या जागाही दूर-दूर आहेत. अशा ठिकाणी गाडी बंद पडली, तर जे काही हवे ते आपल्या गाडीतच असावे लागते.

याच मार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले, हे आपण विसरलेलो नाही. काच फोडता आली ते काही मोजके लोक वाचले. ती घटना हिवाळ्यातील नव्हती, पण तिने शिकवलेली गोष्ट बाराही महिन्यांची आहे : दार अडकले, तर काच फोडण्याचे साधन हाताशी हवे. डिकीतील हातोडी अशा वेळी काही कामाची नाही.

तिसरा रस्ता डोंगराचा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच आहे. परतवाड्याहून वर चढताना हवा भराभर गार होत जाते आणि खाली दुपारी अंगात घातलेले कपडे वर संध्याकाळी अपुरे पडतात. घाटात वळणावर गाडी बंद पडली, तर खुणेचा त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवावा. वळणानंतर ठेवला, तर तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. चाकाखाली लाकडी ठोकळे लावावेत. सेमाडोह, हरिसाल, धारणी या मेळघाटातील रस्त्याचा नियम मात्र पुन्हा वेगळा. तिथे व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे, वाहने तुरळक आहेत आणि कित्येक ठिकाणी मोबाइल लागत नाही. तिथे गाडी कडेला घेऊन, चारही इंडिकेटर लावून आतच बसावे आणि येणाऱ्या वाहनाकडे पुढच्या वस्तीवर निरोप द्यावा. म्हणजे भाच्याची सूचना आपल्याकडे लागू पडते ती इथे. या रस्त्याला शक्यतो दिवसाउजेडीच जावे आणि घरी परतण्याची अपेक्षित वेळ कोणाला तरी सांगून निघावे.

आता पिशव्यांकडे वळू. आमच्या घरी आता दोन पिशव्या आहेत. एक पुढे, हाताशी. दुसरी डिकीत, पण सर्व सामान भरून झाल्यावर सर्वांच्या वर ठेवायची. हा क्रम पाळला नाही, तर पिशवी असून नसल्यासारखी.

हाताशी ठेवण्याच्या पिशवीत प्रथम काच फोडण्याची छोटी हातोडी. तिलाच पट्टा कापण्याचे पाते असते. बाजूच्या खिडकीच्या काचेवर कोपऱ्यात घाव घालावा. समोरची काच दुपदरी असते, ती अशी फुटून मोकळी होत नाही. दुसरी वस्तू चांगली बॅटरी. मोबाइलचा उजेड पुरत नाही आणि मोबाइल तर बोलण्यासाठी राखायचा असतो. तिसरी, अंगात घालायची चमकत्या पट्ट्यांची जाकिटे. ती एक नव्हे, गाडीतील प्रत्येक मोठ्या माणसामागे एक घ्यावी. ती हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात आणि आहेराच्या एका साडीच्या किमतीत घरातील सर्वांची होतात. गाडीतून उतरण्यापूर्वी, आत बसूनच ती अंगात घालावीत. चौथी वस्तू मोबाइलची वायर आणि भरलेली पॉवर बँक.

पाचवी वस्तू एक कागद. त्यावर प्रत्येकाचे नाव, रक्तगट, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे ते, आणि घरातील दोन माणसांचे फोन क्रमांक स्वच्छ अक्षरांत लिहावेत. मोबाइल कुलूपबंद असतो आणि बेशुद्ध माणसाला काही सांगता येत नाही. त्याच कागदावर ११२ हा आणीबाणीचा, १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गावरील मदतीचा क्रमांक लिहावा. समृद्धी हा राज्य रस्ते विकास महामंडळाचा मार्ग असल्यामुळे त्याचा मदत क्रमांक वेगळा आहे. तोही टिपून ठेवावा. फोनवर ठिकाण सांगताना कडेच्या दगडावरील किलोमीटरचा आकडा आणि आपण कोणत्या गावाकडे चाललो होतो ते सांगावे.

डिकीतील पिशवीत लाल त्रिकोण सर्वांत वर. नवी गाडी घेताना तो आणि प्रथमोपचाराची पेटी गाडीसोबत मिळते. पण बहुतेक घरांत त्यांचे वेष्टनही निघालेले नसते. त्रिकोण उघडून, किमान ५० मीटर मागे, म्हणजे साधारण सत्तर पावलांवर ठेवावा. चौपदरी रस्त्यावर आणि समृद्धीवर त्याच्या दुपटीने. तो घेऊन जाताना वाहनांकडे तोंड करून, रस्त्याच्या अगदी कडेने किंवा शक्य तर कठड्याच्या बाहेरून चालावे आणि त्रिकोण पुढे धरावा. धुक्यात तेवढे चालणेही धोक्याचे वाटले, तर जाऊ नये. चारही इंडिकेटर चालू ठेवून सर्वांनी दूर व्हावे आणि मदत बोलवावी. दगड किंवा फांदी ठेवण्याची वेळ आलीच, तर निघताना ती उचलण्यास विसरू नये. आपण ठेवलेल्या दगडावर मागून येणारा दुचाकीस्वार पडला, तर तो दोष आपल्याच माथी.

त्याच पिशवीत हातमोजे, ओढण्याची दोरी, जंपर वायर, चाकात हवा भरण्याचा छोटा पंप आणि दोन लाकडी ठोकळे असावेत. थंडीत जुनी बॅटरी पहाटे दगा देते. जंपर लावताना लाल वायर आधी बंद गाडीच्या धन टोकाला, मग चालू गाडीच्या धन टोकाला; काळी वायर चालू गाडीच्या ऋण टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. हा क्रम चिकटपट्टीवर लिहून वायरीलाच लावून ठेवावा. थंडीत चाकांतील हवाही कमी होते. म्हणून निघण्यापूर्वी, चाके गार असताना ती तपासावी आणि स्टेपनीही तपासावी.

उबेची सोय आता कशासाठी, हे लक्षात आले असेल. गाडीबाहेर उभे राहायचे आहे, म्हणून गोधडी, कानटोप्या, मोजे आणि एक जाड शाल हवी. ऊब नसली की वडीलधारी मंडळी गाडीतून उतरायला तयार होत नाहीत, आणि तिथेच धोका असतो. थंडी वाजते म्हणून बंद काचांच्या आत इंजिन चालू ठेवून झोपू नये. शेगडी किंवा निखारे तर कधीच आत घेऊ नयेत. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही.

खाण्यापिण्याचे पाहू. खाकरे, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू हे टिकाऊ आणि पोटभरीचे. ज्यांचा चौविहार आहे त्यांनी सूर्यास्ताआधी जेवून निघावे. रस्त्यात कुठेतरी पाहू, असे म्हणू नये. उकाळलेल्या पाण्याची थंडीतील मर्यादा आपण चार प्रहरांची मानतो, म्हणून बाटलीवर वेळ लिहून ठेवावी. जखम धुण्यासाठी आणि इंजिनासाठी वेगळी बाटली असावी. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत मात्र भावनेपेक्षा आधी विचार हवा. प्रवास रेंगाळला आणि साखर एकाएकी उतरली, तर जीव धोक्यात येतो. पच्चक्खाणात आगारांची तरतूद आहे. अशा प्रसंगी काय करावे, हे गुरुमहाराजांना आणि डॉक्टरांना घरूनच विचारून ठेवावे. मध्यरात्री रस्त्याच्या कडेला तो निर्णय सुनेवर टाकू नये.

प्रथमोपचाराच्या पेटीत जाळीच्या पट्ट्या, गुंडाळपट्टी, चिकटपट्टी, जंतुनाशक, कात्री आणि हातमोजे असावेत. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी आणि ती पुन्हा पुन्हा उघडून पाहू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. मान किंवा पाठ दुखत असलेल्या जखमीला, आगीचा धोका नसेल तर, जागेवरून हलवू नये.

रस्त्यात दुसऱ्याची गाडी उलटलेली दिसली, तर पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुष्कळ व्यापारी पुढे निघून जातात. ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही आणि त्याच्यावर स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. आमच्यासाठी थांबलेल्या त्या मालगाडीच्या चालकाने कायदा पाहिला नव्हता. आपल्याला तर कायद्याचे पाठबळही आहे.

आणखी दोन माणसांची आठवण ठेवावी. एक म्हणजे विहारात असलेले साधु-साध्वी. चातुर्मासानंतर त्यांचा विहार याच महामार्गांवरून, याच पहाटेच्या धुक्यात होतो. शुभ्र वस्त्र धुक्यात मुळीच दिसत नाही. त्यांच्यासोबत चालणाऱ्या श्रावकांनी मागे आणि पुढे चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालून, बॅटरी घेऊन चालावे. संघाने आठ-दहा जाकिटे उपाश्रयातच ठेवली, तर प्रत्येक वेळी शोधाशोध करावी लागणार नाही.

दुसरा माणूस आपला ड्रायव्हर. लग्नात आपण मंडपात असतो आणि तो रात्रभर थंडीत गाडीत आखडून बसतो. मग पहाटे आपण त्याला निघायला सांगतो. त्याची झोप झाली आहे का, हे कोणी विचारत नाही. दोन पिशव्यांत ठेवलेली कोणतीही वस्तू झोपेने मिटणारे डोळे उघडे ठेवू शकत नाही. त्याच्यासाठी गोधडी, वेळेवर जेवण आणि झोपायला जागा ही यजमानांची जबाबदारी आहे. विधी लांबला असेल, तर उजाडल्यावर निघावे. घरचा मुलगा गाडी चालवत असेल, तर त्यालाही हेच लागू आहे.

एक सूचना आपल्या हवेची. ही पिशवी दिवाळीला भरली, तर होळीला रिकामी करावी. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद गाडीत तर त्याहून कितीतरी अधिक. त्या उष्णतेत औषधे निकामी होतात, चिकटपट्ट्या वितळतात, पॉवर बँक पेट घेऊ शकते. त्रिकोण, जाकिटे, हातोडी आणि दोरी बारा महिने गाडीत राहू द्यावीत. बाकीच्या वस्तू घरात आणाव्यात आणि पुढच्या दिवाळीला तारखा पाहून पुन्हा भराव्यात.

सासूबाई आता प्रवासाला निघताना सर्वांत आधी आपले केशरी जाकीट मागतात आणि डिकी बंद होण्यापूर्वी पिशवी वर आहे ना, ते स्वतः पाहतात. येत्या रविवारी दुकान बंद असताना आपणही एवढे करावे : डिकीच्या तळाशी पडलेला तो त्रिकोण बाहेर काढावा, वेष्टन फाडावे आणि घरातील प्रत्येकाला, मुलांनाही, तो एकदा उघडून उभा करायला लावावा. अंधारात, थंड हातांनी तो पहिल्यांदाच उघडण्याची वेळ कोणावर येऊ नये.

जय जिनेंद्र.